परठवण्याचा विवेक : घोडनदी ते दौंड

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना रांजणगावचा महागणपती आणि तेथील औद्योगिक वसाहत मागे पडली की थोड्याच वेळात घोड नदीचा पूल येतो. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे अहिल्यानगर जिल्हा. अलीकडच्या काठावरील गावाचे सरकारी नाव शिरूर. परंतु आपल्या समाजातील जुन्या पिढीच्या तोंडी ते आजही 'घोडनदी'च आहे. लग्नपत्रिकेत, चोपड्यांत, मुनिराजांच्या विहाराच्या वार्तेत 'घोडनदीवाले' हा शब्द आला की आडत, कापड, किराणा आणि सावकारी यांवर पिढ्या काढलेली घरे डोळ्यांपुढे उभी राहतात.

त्या घरांत वाढलेल्यांना बारदानाचा हिशेब ठाऊक असतो. धान्य विकले जाई, पण पोते परत येई. परत न आल्यास त्याची रक्कम वहीत स्वतंत्र लिहिली जाई. उसवलेले पोते सुतळीने शिवून पुन्हा भरले जाई. शिवण्याजोगे उरले नाही की त्याचे गोणपाट बैठकीखाली जाई आणि अखेरीस उंबऱ्याशी पायपुसणे होई. तेलाचा रिकामा डबाही कधी फुकट गेला नाही. तांब्या-पितळेची भांडी मोडीत जात आणि नवी होऊन घरी येत. दुकानातून बाहेर पडलेली वस्तू 'कचरा' या नावाने कोठे जाते, हा प्रश्नच त्या व्यवहारात फारसा उद्भवत नसे.

आज याच विचाराला 'चक्रीय अर्थव्यवस्था' असे नाव मिळाले आहे. एलेन मॅकआर्थर या इंग्रज महिलेने २००५ साली शिडाच्या नौकेतून एकटीने, न थांबता, सुमारे ७१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौकेवर जेवढे घेतले तेवढेच शिधा-इंधन. संपले तर समुद्रात दुकान नाही. त्या अनुभवातून, पृथ्वीसुद्धा अशीच मोजक्या शिध्याची नौका आहे, हा विचार तिच्या मनात पक्का झाला आणि २०१० साली तिने याच कार्यासाठी संस्था स्थापन केली. तिच्या संस्थेने मांडलेली सूत्रे तीन : कचरा मुळात निर्माणच होऊ नये अशी रचना करावी, वस्तू व द्रव्ये शक्य तितका काळ वापरात ठेवावीत, आणि निसर्गाकडून घेतलेले निसर्गाला सकस करून परत द्यावे. पर्यटनाला ही सूत्रे लावावयाची झाल्यास प्रश्न सोपा होतो : आपण ज्या गावी गेलो, तेथून निघताना ते गाव आपल्यामुळे संपन्न झाले की दरिद्री?

हा प्रश्न आपल्याला नवा वाटण्याचे कारण नाही. साधुसाध्वींच्या आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. ईर्या, भाषा, एषणा आणि आदाननिक्षेपण यांनंतर येणारी पाचवी समिती म्हणजे पारिष्ठापनिका; नको असलेली वस्तू कोठे, कशी आणि कोणत्या जिवाला बाधा न होता टाकावी याचा विवेक. आपल्या बोलीत त्यालाच 'परठवणे' म्हणतात. चालणे, बोलणे, गोचरी यांच्या पंक्तीत टाकून देण्याच्या क्रियेलाही बसविणारी ही परंपरा आहे. हा नियम मुनींचा खरा. पण श्रावकाने त्यातून काहीच घेऊ नये, असे कोणी सांगितलेले नाही.

गेल्या माघ महिन्यात आमच्या संघाची चाळीस जणांची दोन दिवसांची यात्रा शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गेली. त्या यात्रेत हा विवेक कोठे टिकला आणि कोठे सुटला, याचा हा वृत्तांत आहे.

पहिला मुक्काम पाबळचा. शिरूर तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या वाचकांना मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. आपल्याला ते श्री पद्मप्रभस्वामींच्या पद्ममणी तीर्थामुळे ठाऊक आहे. दर्शन-पूजा आटोपून भोजनशाळेकडे वळलो, तेव्हा पाणी गाळण्याचे काम चालू होते. गाळलेल्या पाण्याइतकीच काळजी गाळण्यावर उरलेल्या जिवाणीची घ्यावयाची असते, हे लहानपणी घरात शिकविले जात असे. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत जिवाणी सोडावयाची. वरून फेकावयाची नाही, पाण्याच्या पातळीपर्यंत भांडे नेऊन हलकेच उलटावयाची. आमच्याबरोबरच्या एका महाविद्यालयीन कन्येने विचारले, "आजी, मग आपण पाणी घेतले ते घेतले, पण त्यातले जे आपले नाही ते परत केले, असेच ना?" आजींनी मान डोलावली. चक्रीय अर्थव्यवस्थेची याहून नेमकी व्याख्या त्या दोन दिवसांत आम्हाला दुसरी ऐकू आली नाही.

पाबळमध्येच विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील नामवंत शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीतील संशोधनाचे पद सोडून त्यांनी १९८३ साली या अवर्षणप्रवण गावात ही संस्था सुरू केली. शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करीत विज्ञान शिकविणे, हे तिचे सूत्र. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून लहान शेतकऱ्याला परवडेल असा छोटा ट्रॅक्टर येथे तयार करण्यात आला, आणि अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या सहकार्याने २००२ साली येथे 'फॅब लॅब' ही आधुनिक कार्यशाळा उभी राहिली. तीर्थाला जाणाऱ्या बसगाड्या सहसा येथे थांबत नाहीत. थांबल्या पाहिजेत. भंगार म्हणून ज्याकडे आपण पाठ फिरवतो त्यातून यंत्र उभे करणारा हात पाहणे, हेही एक दर्शन आहे.

दुपारी टाकळी हाजीच्या कुंडांवर गेलो. कुकडी नदीच्या एका काठाला शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी, दुसऱ्या काठाला पारनेर तालुक्यातील निघोज. मधल्या काळ्या कातळात पाण्याने कोरलेले शेकडो रांजणखळगे. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे कातळातील खोलगट भागात अडकतात, भोवऱ्यात सापडून गरगर फिरतात आणि हजारो वर्षे फिरत राहून रांजणासारखी विवरे घडवितात. मळगंगा देवीच्या स्थानामुळे या कुंडांना भाविकांची श्रद्धाही लाभली आहे. खडकावर उभे राहून खाली पाहिले की काळाची मोजणी माणसाच्या आयुष्याने करणे किती अपुरे आहे, ते कळते.

आणि त्याच रांजणांत पाण्याच्या बाटल्या तरंगत होत्या. वेफर्सची पाकिटे, कागदी म्हणून विकले जाणारे पण आतून प्लास्टिकचे अस्तर असलेले पेले, हारातील प्लास्टिकची फुले. आमच्यापैकी काहींनी नेहमीप्रमाणे 'लोकांना' दोष देण्यास आरंभ केला. इतक्यात बसचे क्लीनर एक भरलेली पिशवी घेऊन आले आणि त्यांनी विचारले, "शेठ, ही कुठं टाकू?" पिशवीत आमच्याच सकाळच्या न्याहरीचे अवशेष होते : चाळीस पाकिटे, चाळीस चमचे आणि बाटल्या. प्रवासाच्या समितीने पक्क्या पाण्याची सोय केली होती. तरीही सोयीसाठी म्हणून बंद बाटल्यांची खोकी बसमध्ये चढविली गेली होती. माणशी दिवसाला चार बाटल्या धरल्या तरी चाळीस माणसांच्या दोन दिवसांच्या यात्रेत ३२० बाटल्या होतात. प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हते. पिशवी बसच्या डिकीत परत गेली आणि दोन दिवस आमच्याबरोबर फिरली.

मोराची चिंचोली येथे सायंकाळपूर्वी पोहोचलो. चिंचेची झाडे आणि अंगणापर्यंत येणारे मोर यांमुळे या गावाला हे नाव मिळाले. मोरांना येथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले, म्हणूनच पुढे कृषिपर्यटनाला आधार मिळाला. आज गावातील शेतकरी कुटुंबे पाहुण्यांना जेवू घालतात, शिवार दाखवितात, बैलगाडीत बसवितात. शेतीचे उत्पन्न पावसावर, पाहुण्यांचे उत्पन्न मोरावर. जीवदयेतून उपजीविका उभी राहते, याचे इतके सरळ उदाहरण शोधावे लागणार नाही.

ज्या घरी भोजनाची व्यवस्था होती, तेथील मावशींना आगाऊ कळविले होते : कांदा-लसूण नको, कंदमूळ नको, सूर्यास्तापूर्वी जेवण. त्यांनी बाजरीची भाकरी, मुगाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. स्टीलच्या ताटांत जेवण झाले. सवयीप्रमाणे आम्ही ताटे धुऊन ते पाणी पिऊन घेतले. मावशी ताटे उचलायला आल्या आणि थबकल्या. "तुम्ही ताटं घासून ठेवली का काय? एक शीतसुद्धा नाही." थाळी धुऊन पिण्याचा नियम त्यांना समजावून सांगितला. अन्नाचा कण पडून राहिला तर त्यात जीव उत्पन्न होतात, म्हणून तो राहू द्यावयाचा नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं माणसं जेवून गेली की दोन घमेली खरकटं निघतं. गुरं तरी किती खातील?" आमच्या बसच्या डिकीतील पिशवीची त्यांना कल्पना नव्हती. आम्हाला होती. ताटापुरता धर्म पाळून बाटली मात्र नदीकाठी विसरणारे आपण, या विचाराने त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याच्या रस्त्याला लागलो. या वाटेवर एक जुनी आठवण सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या समाजाची आहे. शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी १८७४ साली एका सावकाराने कर्जापोटी देशमुखांच्या वाड्याचा हुकूमनामा मिळविला आणि त्यातून गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, दंगा झाला आणि तो शिरूरसह आसपासच्या तालुक्यांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. जमावाचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता. कर्जखते आणि दस्तऐवज हस्तगत करून जाळण्यावर होता. ज्यांची खते जळाली त्यांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी होते, आणि त्यांत आपले पूर्वजही होते. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर कोसळलेले कापसाचे भाव, वाढविलेला शेतसारा, अवर्षण ही कारणे खरीच. परंतु गावातून धान्य, व्याज आणि जमीन बाहेर जात राहते आणि गावाकडे काही परतत नाही, तेव्हा तो व्यवहार कितीही कायदेशीर असला तरी फार काळ टिकत नाही, हा त्यातील धडा आपल्यासाठी आहे. सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पर्यटनाचा व्यवहारही याच कसोटीवर पारखावा लागेल. पाहुणा येतो, नदी पाहतो, मोर पाहतो, छायाचित्रे नेतो. त्याने दिलेला पैसा गावात किती राहतो आणि त्याने टाकलेला कचरा गावात किती राहतो?

भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो की हवेत गुळाचा वास येऊ लागतो. केडगाव, खुटबाव, यवत या पट्ट्यात उसाबरोबर गुऱ्हाळेही आहेत. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे, ते पाहून एका गुऱ्हाळावर गेलो. लहान मुलांसाठी हा यात्रेतील सर्वांत आनंदाचा भाग होता. चरकातून रस निघतो, काहिलीत जातो, उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. पाक आळला की गुळव्याच्या डोळ्याला कळते. काहील वाफ्यात उपडी होते आणि ढेपा साच्यात पडतात. एक टन उसापासून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ मिळतो.

जुने गुऱ्हाळ हे चक्रीय व्यवहाराचे आदर्श उदाहरण होते. रस काढून उरलेले चिपाड वाळवावयाचे आणि तेच चुलाणात घालावयाचे. चुलाण नीट बांधलेले असेल तर त्याच उसाच्या चिपाडावर त्याच उसाचा गूळ शिजतो, बाहेरून सरपण आणावे लागत नाही. मळी गुरांना, राख शेताला. उसाने स्वतःलाच शिजविले आणि उरलेले मातीला दिले.

आम्ही गेलो त्या गुऱ्हाळाच्या चुलाणाशी मात्र चिपाडाबरोबर मोठमोठी पोती रचलेली होती. त्यांत प्लास्टिकच्या पाकिटांच्या कातरणी, चपलांचे तळवे, फोमचे तुकडे. या परिसरातील काही गुऱ्हाळांत असा कचरा जाळला जातो, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून वेळोवेळी आल्या आहेत. डोळ्यांनी पाहण्याची वेळ पहिलीच होती. चुलाणाशी बसलेल्या माणसाने काही लपविले नाही. "चिपाडाला गिऱ्हाईक आहे, दादा. कागदाच्या कारखान्याला जातं. हे स्वस्तात मिळतं आणि जाळ चांगला धरतं. भाव तुम्ही लोक वाढवून देत नाही. मग गूळ परवडायचा कसा?"

आमच्यातील एक ज्येष्ठ श्रावक, किराण्याचे घाऊक व्यापारी, पोत्याजवळ वाकले. त्यांनी एक कातरण उचलून पाहिली. आपल्या सर्वांच्या दुकानांत जी नमकीनची, बिस्किटांची पाकिटे लटकलेली असतात, त्याच तऱ्हेची ती होती. ते इतकेच म्हणाले, "आपल्या दुकानातून गेलेले येथे येऊन जळते आणि येथला गूळ आपल्याच दुकानात येतो."

म्हणजे चक्र पूर्णच झाले होते. फक्त त्यातून फिरत होते ते विष. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळल्यावर डायॉक्सिनसारखी अतिशय घातक द्रव्ये निर्माण होतात. ती प्रथम त्या चुलाणाशी बसलेल्या माणसाच्या छातीत जातात, मग आसपासच्या शेतांवर उतरतात. आपल्या शास्त्रांनी श्रावकाला वर्ज्य म्हणून सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत भट्टीच्या व्यवसायाचा, म्हणजे अंगारकर्माचा, उल्लेख पहिला आहे. आपण भट्टी चालवत नाही, असे म्हणून सुटका होत नाही. कारण करणे, करविणे आणि अनुमोदणे, असे तिन्ही प्रकारचे बंध सांगितलेले आहेत. पडेल त्या भावाने गूळ मागणारा व्यापारी आणि पांढराशुभ्र गूळच हवा म्हणणारे गिऱ्हाईक यांनी स्वतःला कोणत्या प्रकारात बसवावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुपारनंतर दौंडला आलो. १८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि तेव्हापासून दक्षिणोत्तर वाहतुकीचे हे मोठे जंक्शन झाले. सिद्धटेकच्या गणपतीला जाणारे भाविकही येथेच उतरतात. गावाजवळून भीमा वाहते. शिरूर तालुक्याच्या सीमेवर वाळकी-रांजणगाव सांडसच्या परिसरात तिला मुळा-मुठा मिळालेली असते आणि तिच्याबरोबर पुणे-पिंपरीचे सांडपाणीही आलेले असते. आदल्या दिवशी पाहिलेली कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात विसावते. टाकळी हाजीच्या कातळावरून निसटलेल्या बाटलीचा पत्ता अशा रीतीने लागतो.

यात्रेचा शेवट भिगवणजवळच्या त्या जलाशयावर झाला. हा भाग इंदापूर तालुक्यात येतो. दौंडपासून फार दूर नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि उथळ फुगवट्यावर पक्षी येऊ लागले. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या पंखांतील अबोली-गुलाबी रंग सांजेच्या प्रकाशात पाण्यावर पसरतो तेव्हा बोलणे आपोआप थांबते. नावाडी भोई समाजातील होते. पूर्वी नाव केवळ मासेमारीसाठी निघे. आता हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांसाठीही निघते. आमच्या नावाड्याने पक्ष्यांपासून दूरच इंजिन बंद केले आणि बांबूने नाव रेटली. "पाखरू उडालं तर उद्या तुम्ही येणार नाही," असे तो हसून म्हणाला. जाळे टाकून मिळणाऱ्या पैशाला न मारता मिळणाऱ्या पैशाची जोड मिळाली, त्यामागे त्याला कोणी उपदेश केलेला नव्हता. पाहुण्यांनी योग्य मोबदला दिला, एवढेच. जीवदयेचे दान पांजरपोळाला पोहोचविणाऱ्या समाजाने हेही लक्षात घ्यावे की अशा नावेचे भाडे घासाघीस न करता देणे हेही जीवदयेचेच अंग आहे.

घरी परतल्यावर डिकीतील पिशवी उघडून वर्गवारी केली. बाटल्या भंगारवाल्याने घेतल्या. अनेक थरांची चकचकीत पाकिटे त्याने हातात घेऊन परत दिली. त्यांना मोडीचा भाव नाही. ज्या वस्तूला मोडीत किंमत नाही ती वस्तू विकताना आपण विचार केला पाहिजे, असे त्या दिवशी प्रथमच दुकानदार म्हणून वाटले.

संघाच्या बैठकीत काही गोष्टी ठरल्या. यापुढच्या यात्रेत बंद बाटली चढणार नाही. पक्क्या पाण्याच्या स्टीलच्या कोठ्या आणि प्रत्येकाचा स्वतःचा तांब्या. न्याहरी डब्यांतून, पाकिटांतून नाही. प्रभावना म्हणून प्लास्टिकच्या वेष्टनातील वस्तू वाटावयाची नाही. त्याऐवजी ज्या गावी जाऊ तेथील मूग, बाजरी किंवा चिंच कापडी पिशवीत. एक वेळचे जेवण तरी गावातील घरी, पूर्ण मोबदला देऊन. आणि बसमध्ये निर्माण झालेला कचरा बसबरोबरच परत येईल. परठवण्याची जबाबदारी दोन श्रावकांवर नेमून दिलेली असेल.

यांतील एकही गोष्ट अवघड नव्हती, म्हणून ती एकमताने मंजूर झाली. अवघड होता तो गुळाचा प्रश्न. केवळ चिपाडावर शिजविलेला गूळ किलोमागे थोडा महाग पडतो आणि रसायनाशिवाय त्याचा रंग काळपट राहतो. तीन दुकानदारांनी तो ठेवण्याचे ठरविले. बाकीच्यांनी 'पाहू' म्हटले. किराण्याच्या त्या ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितले की दोन गिऱ्हाइके काळी ढेप पाहून परत गेली. तिसऱ्याने कारण विचारले. त्यांनी केडगावची हकिकत सांगितली आणि ढेप विकली गेली. गुऱ्हाळवाल्याला त्यांनी निरोप पाठविला आहे की पोती हटली तर पुढच्या हंगामाचा माल आगाऊ रक्कम देऊन उचलू. उत्तर अजून आलेले नाही. हंगाम कार्तिकात सुरू होतो; तोवर चातुर्मासाचे दिवस आहेत, आणि आपापल्या दुकानातील माल एकदा या दृष्टीने तपासून पाहण्यास तेवढा वेळ पुरेसा आहे.